मांडीचा मान

पिंपळगाव बसवंत,
८ जानेवारी २०२५

चि. सौ. तृप्तीस,
शुभांगीताईचे अ. आ. आणि बाळीला पापा.

इकडे द्राक्षांची तोड सुरू झाली आहे. पॅकहाउसमध्ये उभं राहायला जागा नाही आणि बसायला वेळ नाही. तरी लिहायला बसले. तुझ्या आईने, सविताबाईंनी, बाळंतिणीच्या डोळ्यांना ताण नको म्हणून तुझा मोबाइल कपाटात कुलूपबंद केला आहे. ही त्या बाईंची मला पटलेली पहिली गोष्ट. आणि धनराजला फोन करून उपयोग नसतो. अवघड प्रश्न आला की त्याची रेंज जाते. माझा हा धाकटा भाऊ लहानपणापासून असाच, फक्त तेव्हा रेंज जायच्या ऐवजी पोट दुखायचं.

आमचा मंगळू टेम्पो घेऊन दिंडोरीच्या बागांवर येतोच, तो पत्रं नेईल-आणील. काल तो तुमच्याकडे डिंकाचे लाडू देऊन आला आणि पोरगी लय गोड हाय, नाक मात्र ताईंचं हाय, असं सगळ्या पॅकहाउसला सांगत सुटला. नाकाचं ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? काविळीमुळे बारशाचा मुहूर्त हुकला याची खंत करू नकोस. बारसं नाशिकला, तुमच्या घरी, थाटात करू.

आता मुद्द्याचं. धनराज म्हणाला की बाळीला दिंडोरीहून नाशिकला न्यायला तुम्ही गाडीत बसवायची खुर्ची घेताय. महिन्याच्या बाळाला खुर्ची! जिची मान अजून धरत नाही तिला सिंहासन. उद्या पाळण्याऐवजी टेबल मांडाल आणि दुधाच्या वेळी हातात मेनू कार्ड द्याल.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक नसेल तर सांगते. आपल्याकडे बाळ आजोळाहून घरी येतं ते आत्याच्या मांडीवर, आणि उंबरा ओलांडतं तेही आत्याच्याच हातांवर. दिनेशदादाचा ओम मी निफाडहून जीपमधून आणला, तेव्हा खड्ड्यांत कुठे कुठे रस्ता होता. त्याच्या पाठच्या स्वराजला आणलं तेव्हा मला फणफणून ताप होता. दोघांनाही आता मिशा फुटल्या आहेत, म्हणजे माझ्या मांडीने त्यांचं काही वाकडं केलेलं नाही. मला स्वतःचं मूल नाही. त्याचं रडगाणं मी कधी गायले नाही आणि आताही गात नाही. पण भावांची बाळं घरी आणायची, हा एवढा एक मान माझा आहे आणि तो मी प्लॅस्टिकच्या खुर्चीला देणार नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आत्याची मांडी घरात आहे आणि तुम्ही बाजार धुंडाळताय.

खुर्ची रद्द झाल्याचं उत्तर मंगळूबरोबर पाठव. लाडू वेळेवर खा, आईशी वाद घालू नकोस. वाद घालायला मी आहे.

माझा लोभ खुर्चीवर अवलंबून नाही, हे लक्षात ठेवणारी,
तुझी शुभांगीताई


दिंडोरी,
११ जानेवारी २०२५

ती. स्व. ताईंना,
तृप्तीचा सा. न. वि. वि.

लाडू पोचले, आणि त्यापाठोपाठ तुमचं पत्रही. लाडू गोड होते. बाळी छान आहे, वजन वाढतंय. रात्रभर जागते आणि दिवसा पाहुण्यांसमोर झोपल्याचं सोंग करते. हे तिने बापाकडून घेतलं असावं.

खुर्ची रद्द होणार नाही, ताई. रागावलात तरी चालेल, पण आधी ऐका. मी गाड्यांच्या विम्याचे दावे तपासते हे तुम्हाला माहीत आहे. आपटलेली गाडी बघायची, कोण कुठे बसलं होतं ते विचारायचं आणि जबाब लिहून घ्यायचा, हे माझं रोजचं काम. त्या जबाबांत एक वाक्य हमखास असतं, की आम्ही बाळाला घट्ट धरलं होतं. मुलाला सैल धरलं होतं असं सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. पन्नासच्या वेगातली गाडी कशावर आदळली तर चार किलोचं बाळ त्या क्षणी हातांना क्विंटलभर जड होतं. तुमच्या पॅकहाउसमधल्या कोणी क्विंटलभर माल मांडीवर झेलून दाखवावा, मग मी खुर्ची परत करते. ओम आणि स्वराज सुखरूप आले ते जीप कुठे आपटली नाही म्हणून. त्याचं श्रेय मांडीने घेऊ नये.

आता तुमच्या भावाचे प्रताप. खुर्ची आण म्हटलं तर रविवारी ते एक टोपली घेऊन आले. वर धरायला कडी, आत गुलाबी गादी, झालर, आणि गाडीला बांधायला काही म्हणजे काही नाही. भाजीबाजारातून मेथी आणायला उत्तम. दुकानदार म्हणे सगळे हीच नेतात असं म्हणाला आणि ह्यांनी मान डोलावली. सांगणाऱ्याचा आवाज मोठा असला की ह्यांना तो शास्त्रज्ञ वाटतो.

मला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी, ह्यांना निवड जमत नाही. म्हणून तुम्हालाच विनंती आहे. शनिवारी नाशिकला याल तेव्हा ह्यांच्याबरोबर दुकानात जा. तुम्हाला खुर्ची पटत नाही हे माहीत असूनही सांगते आहे, कारण तुमच्यासमोर फसवणारा दुकानदार अजून जन्मायचा आहे. खुर्ची नवजात बाळाची हवी, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशी. तपासणी झाल्याची नारिंगी चिठ्ठी पाठीला हवी. कोणाची वापरलेली नको. ती आधी कुठे आपटून आली असेल ते आपल्याला कळत नाही. आणि आपल्या गाडीत बसवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

तुमचा मान मी विसरलेले नाही. पण मानापेक्षा बाळीची मान जास्त नाजूक आहे.

तुमच्या रागालाही आशीर्वादच समजणारी,
तृप्ती


पिंपळगाव बसवंत,
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. तृप्तीस,
अ. आ. तिळगूळ पाठवला आहे, खा आणि जमलं तर गोड बोल.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. ह्यांना वाटलं मला बरं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, ही मुलगी उद्धट आहे पण फसवी नाही. शिवाय तू मला दुकानदारावर सोडलंस, आणि तसं काम मला कोणी दिलं की मी नाही म्हणत नाही.

दुकान कॉलेज रोडला, काचेचं, आत थंडगार. टाय लावलेल्या एका इसमाने आम्हाला आधी चहा विचारला आणि मग बाळाचा आवडता रंग. महिन्याच्या पोरीचा आवडता रंग! धनराज चक्क विचारात पडला. मी नारिंगी चिठ्ठी दाखवा म्हटलं, तर त्याने मला किमतीची चिठ्ठी दाखवली. बाळाचं तोंड मागे हवं म्हटलं, तर म्हणाला की मॅडम, बाळ कंटाळेल, त्याला पुढचा रस्ता दिसला पाहिजे. मी विचारलं की गाडी बाळ चालवणार आहे का. त्यानंतर त्याने मालकाला बोलावलं, मालकाने आतून दोन खोके आणवले, आणि दुसऱ्यात आपली खुर्ची निघाली. उथळ पाण्याला खळखळाट फार. ज्याला काही माहीत नाही त्याचीच जीभ थांबत नव्हती.

खरा तमाशा पार्किंगमध्ये झाला. तुझ्या नवऱ्याने ती खुर्ची पुढच्या सीटवर मांडली, तीही पुढे तोंड करून. का, तर बाळीला डॅशबोर्डवरच्या गणपतीचं दर्शन व्हावं म्हणून. टायवाला म्हणाला, वा सर, काय विचार आहे! पुढच्या काचेवरच्या उन्हाच्या झडपेवर चित्र आहे, खुर्चीतलं बाळ, समोर फुगलेली एअरबॅग आणि वर लाल फुली. म्हणजे ती पिशवी फुगली की पुढे बसवलेल्या बाळाच्या तोंडावरच येऊन आदळणार. निरक्षर माणसाला कळेल असं चित्र, आणि त्याच्याखाली इतकी वर्षं बसणारा हा इंजिनियर मला विचारतो की हे कधी लावलं.

मी खुर्ची मागे नेली आणि पुस्तिका वाचली. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात. त्यात खुर्चीच्या बैठकीचे दोन पाय खट्‌ आवाज करून बसतात आणि हिरवी खूण दिसते. त्या कड्या धनराजला आजवर सीटचा सांगाडा वर आल्यासारख्या वाटत होत्या. खुर्ची आधी इतकी ताठ लागली की बाळीची हनुवटी छातीला टेकली असती. मग बाजूची रेघ जमिनीला समांतर होईपर्यंत कलती केली. बुडाशी धरून मी ती हलवली. खुर्ची हलली नाही, गाडी हलली. 

एवढं वाचून तू जिंकलीस असं समजू नकोस. काम हाती घेतलं की नीट करायचं, ही माझी खोड आहे. खुर्ची चांगली आहे. तिच्यात तुझ्या दुपट्यांची पिशवी ठेव. बाळी माझ्या मांडीवरच येईल.

पाय दुखत असूनही आशीर्वाद द्यायला हात मोकळे असलेली,
शुभांगीताई


नाशिक,
२४ जानेवारी २०२५

ती. स्व. ताईस,
धनराजचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. दुकानात तू होतीस म्हणून निभावलं. तू म्हणतेस ते अगदी बरोबर आहे, घरची रीत मोडता कामा नये. तृप्ती म्हणते तेही बरोबरच आहे, पण ती ओली बाळंतीण, तिला दुखवून चालणार नाही.

मी विचार करून मधला मार्ग काढला आहे. नऊ तारखेला निघताना तृप्तीच्या समाधानासाठी बाळीला खुर्चीत ठेवू. तृप्ती पुढे माझ्या शेजारी बसेल आणि तिला गाडीत डुलकी लागतेच. ढकांब्याच्या पुढे मी चहाच्या निमित्ताने गाडी थांबवीन, तेव्हा तू बाळीला हळूच मांडीवर घे. नाशिक आलं की परत खुर्चीत ठेवू. म्हणजे तुझाही मान राहील आणि तिचंही मन राहील. रस्ता काही फार नाही, तेवढ्यात काय होतंय!

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

दोघींच्याही लोभाची वाट पाहणारा,
तुझा धनराज


पिंपळगाव बसवंत,
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. तृप्तीस,
अ. आ.

सोबत तुझ्या नवऱ्याचं पत्र जोडलं आहे. फाडून टाक असं त्यात लिहिलंय. मी न फाडता तुला पाठवते आहे, म्हणजे तुला त्याचे कान हवे तसे धरता येतील. इंजिनियरिंगला गेला तेव्हा आम्ही गावभर पेढे वाटले होते. ते पेढे आज मला परत हवेत.

संताप कशाचा झाला सांगू? तो मला ओळखतो असं मला वाटत होतं. बायको डुलकी घेत असताना तिचं मूल हळूच उचलायचं, आणि त्याला म्हणे मान! चोरलेल्या मानाला मान कोण म्हणतं? ओमला आणि स्वराजला मी आणलं ते त्यांच्या आईने स्वतःच्या हाताने माझ्या पदरात घातल्यावर. तू घालणार नसलीस तर नको. तू निदान समोरासमोर नाही म्हणतेस. तुझ्याशी मला भांडता येतं. ह्याच्याशी काय भांडायचं, हा दोन्ही बाजूंनी आपणच टाळ्या वाजवतो.

तेव्हा बाळी खुर्चीतच बसेल. मी शेजारी बसेन. मला पटलं म्हणून नाही. धनराजच्या बाजूने जिंकण्यापेक्षा तुझ्या बाजूने हरलेलं बरं, म्हणून. उंबरा मात्र माझा. घराच्या दारात खुर्चीचं काही काम नाही.

एक गोष्ट माझी ऐक. ती खुर्ची आतून हाताला कडक लागली. आम्ही द्राक्षाची पेटी भरतो तेव्हा तळाला गादी घालतो, वर फुग्यांचा कागद घालतो, मग घड ठेवतो. द्राक्षाला जर एवढं, तर पोरीला किती हवं? मी माझ्या मऊ सुती साड्यांची चार पदरी गोधडी शिवली आहे, बरोबर खुर्चीच्या मापाची. ती आत घाल, बाळीला दुपट्यात घट्ट गुंडाळ आणि मग ठेव. मंगळूबरोबर पाठवली आहे.

रागाचं खापर तुझ्यावर न फोडणारी,
शुभांगीताई


दिंडोरी,
३० जानेवारी २०२५

ती. स्व. ताईंना,
सा. न. वि. वि.

जोडलेलं पत्र वाचलं. आईला सांगून एक तासापुरता मोबाइल कपाटातून बाहेर काढला आणि ह्यांना फोन लावला. त्या तासात रेंज एकदाही गेली नाही. आता ते मधला मार्ग हा शब्द आमच्या घरात पुन्हा काढतील असं वाटत नाही. तुम्ही पत्र पाठवलंत याबद्दल आभार मानले तर तुम्ही चिडाल, म्हणून मानत नाही. पण ते मी कधी विसरणार नाही.

गोधडी इतकी सुंदर आहे की आईनेसुद्धा, जी तुमचं कौतुक सहसा करत नाही, टाक्यांवरून हात फिरवला. आणि आता वाईट बातमी. ती बाळीच्या खाली घालता येणार नाही.

चिडू नका, कारण ऐका. तुम्ही द्राक्ष भरता ते गादीत रुतवून, त्याला पट्टा नसतो. बाळीला धरून ठेवतो तो पट्टा, गादी नव्हे. खाली चार पदरी मऊ गोधडी असली की पट्टा वरून घट्ट दिसतो. झटका बसला की गोधडी दबते, पट्टा सैल होतो आणि बाळ त्यातून निसटतं. दुपट्यात गुंडाळलं तर पायांमधला पट्टा लावताच येत नाही. म्हणून अंगात साधं झबलं, पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून आलेले, आणि खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट धरता आली नाही की झालं. कडक वाटतं ते मोठ्यांच्या हाताला. तिच्या मापाची उशी खुर्चीबरोबर आलेली आहे, तेवढी पुरे.

तुमची गोधडी पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरायची. सगळ्यांना दिसेल अशी. मला वाटतं तिची जागा तीच आहे.

उंबरा तुमचा, हे कबूल. नऊ तारखेला सकाळी लवकर या. मागे तुम्हालाही पट्टा लावावा लागेल. आधीच सांगते, म्हणजे भांडण पत्रातच संपेल.

तुमच्या टोमण्यांची सवय लागलेली,
तृप्ती


पिंपळगाव बसवंत,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. तृप्तीस,
अ. आ.

आम्ही त्या दिवशी नाशिकहून सुखरूप पोचलो. इकडे मालाचा रेटा फार आहे, त्यामुळे दोन ओळीच लिहिते.

म्हसरूळच्या अलीकडे आडवा आलेल्या त्या ट्रॅक्टरवाल्याला मी अजून शिव्या देते आहे. क्रेट रचले आभाळापर्यंत, आरसा नाही, दिवा नाही, आणि मुख्य रस्त्यावर असा आला जसा रस्ता त्याच्या आजोबांनी बांधलाय. धनराजने ब्रेक वेळेवर लावला, हे त्याच्या आयुष्यातलं वेळेवर केलेलं पहिलं काम. पुढे मात्र तो जे बरळला त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

दारात मी बाळीला घेतलं नाही म्हणून तुमच्याकडे मदतीला राहिलेल्या काकू काहीबाही बोलल्या असं कानावर आलं. त्यांना म्हणावं, बोला. माझे हात ओले होते, तांब्या मीच उचलला होता. त्यात एवढं काय?

बारशाला माझं येणं जमेल असं दिसत नाही. हंगाम आहे, गुडघाही धरलाय. नाव मी कागदावर लिहून मंगळूबरोबर पाठवीन, कोणीही कानात सांगा. दिनेशदादाच्या बायकोला सांगा, तिचा आवाज चांगला आहे.

खुर्ची बरी निघाली.

सर्वांना यथायोग्य सांगावे,
शुभांगीताई


नाशिक,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. ताईंना,
तृप्तीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात एकही टोमणा धड नाही. ट्रॅक्टरवाल्याला दिलेल्या शिव्यासुद्धा अळणी आहेत. मला काळजी वाटली, म्हणून आज सगळं स्पष्ट लिहिते.

काकूंना वाटतं तुम्ही खुर्चीवरून रुसलात. हेही तसंच म्हणतात. पण मी पुढच्या सीटवर होते आणि बाळी उठली का ते बघायला नेमकी मागे वळले होते. मी बघितलं, ताई.

आईने तुमची ओटी भरली होती. तो नारळ तुम्ही मांडीवर घेतला होता, पदराखाली, दोन्ही हातांनी. बाळीला घ्यायचं ठरलं असतं तर जसं घेतलं असतं तसाच. तेवढ्यात ट्रॅक्टर आला, ब्रेक लागला आणि तुमचे दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर गेले. नारळ आमच्या दोघांच्या मधून जाऊन डॅशबोर्डवर आपटला, करवंटी तडकली आणि पाणी ह्यांच्या बाहीवर उडालं. आणि हे म्हणाले की नारळ फुटला, शुभ झालं. त्या वाक्यासाठी मी ह्यांना तुमच्यापेक्षा जास्त सुनावलं आहे, त्याची काळजी नको.

बाळी तुमच्या गोधडीखाली झोपलेली होती. तिची टोपीसुद्धा सरकली नव्हती. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग स्वतःच्या हातांकडे बघितलंत. दारात भाकरतुकडा ओवाळून झाला, सगळे बाजूला झाले, तुमच्यासाठी वाट मोकळी झाली, आणि तुम्ही म्हणालात की हात ओले आहेत. ते ओले नव्हते. ते थरथरत होते.

ताई, तुमच्या हातांनी काही चूक केली नाही. पडताना हात पुढे जातात, ते विचारून जात नाहीत. माझेही गेले असते. आई असून गेले असते. तुम्हाला वाटतंय की तिथे नारळाऐवजी बाळी असती तर. ती नव्हती. तुम्ही तिला तुमच्या हक्काची जागा नाकारलीत, चोरून मिळत होती तरी नाकारलीत, म्हणून ती नव्हती. मी रोज जबाब लिहून घेते, त्यात असं कधी कोणी सांगितलेलं नाही.

पण म्हणून तिला आयुष्यभर हात लावायचा नाही, हे कुठलं शास्त्र? तो नियम गाडीचा आहे. आमचं घर कुठेही जात नाही. सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं.

बारसं रविवारी, दोन मार्चला आहे. त्या दिवशी बायकांची गर्दी असेल आणि सगळ्या तुमच्या हातांकडे बघतील. म्हणून त्याआधी या. सोमवारी दुपारी हे ऑफिसला असतात, काकू घरी गेल्या आहेत, घरात मी आणि बाळी दोघीच असतो. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून मी तिला तुमच्या पदरात घालेन, ओम-स्वराजच्या आईने घातलं तसं. तुम्ही आत या. तिचं घरी येणं अजून व्हायचंच आहे असं मी धरून चालले आहे.

नाव कागदावर लिहून पाठवलंत तर मी कागद परत करीन.

तुमची वाट पाहणारी, आणि ह्या वेळी न भांडणारी,
तृप्ती


पिंपळगाव बसवंत,
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. तृप्तीस,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. ह्यांनी विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं काही नाही, आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

तू फार बघतेस. विमा कंपनीने तुला डोळे दिलेत की देवाने, कोण जाणे. पुढे बसलेल्या बाईने पुढे बघावं, एवढंही तुला शिकवलेलं नाही.

सोमवारी येते. मंगळूच्या टेम्पोने नाही, ह्यांच्या गाडीने, आणि ह्यांना हळू चालवायला सांगितलं आहे. काकू येणार असतील तर आधी कळव, मी परत फिरेन. भाकरतुकडा नीट शिळा ठेव, मागच्या वेळी तो इतका मऊ होता की ओवाळताना लोंबत होता. मी आत पाऊल टाकताना तू माझ्या कोपराखाली हात धर. कोणी विचारलं तर गुडघ्यासाठी धरला म्हणून सांगायचं.

आणि धनराजला आत्ताच बजावून ठेव. तो मधूनच घरी आला आणि मी बाळीला मांडीवर घेऊन बसलेली असले, तर सोफा कोणी हलवायचा नाही.

तुझी,
शुभांगीताई